पेज किती, दूध किती

चहाचे दोन सपाट चमचे तांदूळ घ्या. साधारण दहा ग्रॅम भरतील. ते पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात शिजवा आणि वरची पेज काढा. कोकणात बाळाच्या तोंडी पहिलं वरचं अन्न लागतं ते पुष्कळ घरांत हेच. आता हिशेब बघा. शितांसकट सगळी पेज दिली तरी त्यात जेमतेम ३५ किलोकॅलरी. पेलाभर आईच्या दुधात १३०च्या आसपास. आणि सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावतं साधारण २०० मिलिलिटर, दर किलो वजनाला तीस या हिशेबाने. म्हणजे पोटभर पेज पाजली की दुधाला जागाच उरत नाही, आणि दुधाच्या जागी बाळाला मिळतं ते चौथा हिस्सा. त्यातही गाळून फक्त पाणी दिलं असेल तर तेवढंही नाही.

दूध आणि वरचं अन्न यांचा मेळ चुकतो तो बहुतेक दोन ठिकाणी. सहाव्या-सातव्या महिन्यात पातळ अन्न दुधाला ढकलतं. आणि वर्ष उलटल्यावर उलटं होतं, दूध जेवणाला ढकलतं. मधले महिने त्या मानाने सोपे जातात.

सहा महिने, म्हणजे १८० दिवस, फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, सहाणेवर उगाळलेली गुटी नाही. मध तर वर्षापर्यंत नाहीच, कारण त्यात बोट्युलिझमचे जिवाणू-बीज असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात त्यांना अटकाव होत नाही. सहा महिन्यांनंतर दूध 'पातळ' होतं म्हणून वरचं सुरू करायचं, असं सांगितलं जातं ते खरं नाही. दूध तितकंच कसदार राहतं, बाळाची गरज वाढते. शिवाय आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, लिटरला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. बाळ पोटातून येताना लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती पूर्ण दिवसांच्या बाळाला सहाएक महिने पुरते. दिवस भरायच्या आधी झालेल्या किंवा अडीच किलोच्या आतल्या बाळाची आधीच संपते. अशा बाळाला लोहाचे थेंब कधीपासून द्यायचे ते डॉक्टरांना लवकर विचारून ठेवावं.

उष्टावणाचा मुहूर्त आपल्याकडे मुलाचा सहाव्या-आठव्या महिन्यात आणि मुलीचा पाचव्या-सातव्या महिन्यात काढतात. समारंभ हौसेने करा, मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट लावा. पण रोजचं अन्न सुरू करायचा दिवस दोघांना एकच: सहा महिने पूर्ण झाल्यावर. मुलगी म्हणून पाचव्यात घाई नको आणि मुलगा म्हणून आठव्यापर्यंत थांबणं तर त्याहून वाईट, कारण ते दोन महिने तो लोहावाचून काढतो. बाळ तयार आहे हे दिसतंही: मान पक्की धरतं, आधार दिला की बसतं, आपल्या ताटाकडे टक लावून बघतं आणि तोंडात घातलेलं जिभेने लगेच बाहेर ढकलत नाही.

आईचं दूध चालू असलेल्या बाळाला वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांत दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरामध्ये ३००, आणि वर्षानंतर ५५०. आठव्या महिन्यापर्यंत दूध हेच मुख्य जेवण असतं हे यावरून कळेल. म्हणून या काळात अन्न थोडं पण घट्ट हवं. ओळखायची खूण सोपी: चमचा तिरका केला तरी अन्न त्यावर टिकलं पाहिजे. ओघळलं तर ते पेय झालं.

यासाठी नवं काही शोधायला नको, आपला गुरगुट्या भात आहेच. वीस ग्रॅम तांदूळ (चहाचे चार सपाट चमचे), दहा ग्रॅम मुगाची डाळ (दोन चमचे), धुऊन अर्धा तास भिजवून आमटीच्या छोट्या वाटीने दीड वाटी पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या. उकडा तांदूळ असेल तर जास्त वेळ भिजवा आणि दोन शिट्ट्या वाढवा, नाहीतर शीत आतून टणक राहतं. उतरल्यावर पाणी ओतून न देता त्यातच घोटा आणि चहाचा एक चमचा साजूक तूप घाला. एवढ्यात १५० किलोकॅलरी होतात. हा भात दोन वेळा अर्धा-अर्धा द्या, जोडीला एकदा छोटं वेलची केळं कुस्करून, झाली दिवसाची गरज. मिक्सर शक्यतो काढूच नका. पहिला आठवडा-पंधरवडा चाळणीतून किंवा पळीने घोटून मऊ केलेलं पुरतं; त्यानंतर हळूहळू कण राहू द्यावेत. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत कण आणि लहान गुठळ्या जिभेवर फिरवायची सवय झाली नाही, तर पुढे दीड-दोन वर्षांची मुलंही पोळीचा तुकडा थुंकतात आणि घरचे म्हणतात 'याला चावताच येत नाही'.

मीठ वर्षापर्यंत नको. साखर-गूळही नको. वरणाला फोडणी द्यायच्या आधी, मीठ पडायच्या आधी बाळाचं बाजूला काढायचं ही सवय लागली की वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. आणि वरणाचं नुसतं वरचं पाणी देऊ नका. डाळ तळाशी असते, तळातलं घट्ट काढा.

नाचणीबद्दल जरा सविस्तर. शंभर ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं दुसऱ्या कशात नाही. त्यामुळे नाचणीचं सत्त्व बाळाला उत्तम असं आपण मानतो. पण सत्त्व करताना काय होतं ते बघा: भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जो पांढरा साका खाली बसतो तो मुख्यतः पिष्ठ, म्हणजे स्टार्च. कोंड्याबरोबर बरंचसं कॅल्शियम, लोह आणि प्रथिनं फडक्यातच राहतात. सत्त्व पचायला हलकं आहे, आजारात बरं, पण रोजच्यासाठी मी मोडाच्या नाचणीचं पीठ निवडेन.

ते असं करायचं. नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन खडे काढा, रात्रभर भिजवा, सकाळी निथळून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवा. फडकं कोरडं पडू देऊ नका. उन्हाळ्यात एका दिवसात, थंडीत दीड-दोन दिवसांत पांढरे मोड दिसतात. मग कडक वाळवायची. चुकतं ते इथेच, आणि पावसाळ्यात हमखास: ऊन नाही, हवा दमट, दाणा आतून ओला राहतो आणि पीठ आठवड्यात कुबट होतं. कुबट वास आला की भाजून खपवू नका, टाकून द्या. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. म्हणून वर्षाची बेगमी एप्रिल-मेमध्ये करावी, किंवा पावसात पाव किलोच करून पंख्याखाली सुकवून मंद तव्यावर परतावी. वाळल्यावर मोड चोळून पाखडा, दळा, बारीक चाळणीने चाळा.

मोडाच्या पिठाचा आणखी एक गुण आहे आणि तो फार कामाचा आहे. मोड येताना दाण्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, ॲमायलेज, ते पिष्ठ तोडतं. घट्ट शिजवलेल्या भातात किंवा लापशीत, ती किंचित निवल्यावर, न भाजलेलं मोडाचं पीठ अर्धा चमचा घालून ढवळा. पाच मिनिटांत ती सैल होते, पाणी न घालता. मग पुन्हा एक चांगली उकळी आणा, कारण कच्चं पीठ बाळाला द्यायचं नसतं. बाळाला गिळायला सोपं होतं आणि कस तेवढाच राहतो. खरपूस भाजलेल्या पिठाला हे जमत नाही, उष्णतेने ते द्रव्य मरतं.

नाचणीची खीर करताना तूप किंवा चमचाभर घट्ट नारळाचा रस जरूर घाला, चरबीनेच थोडक्यात ताकद वाढते. मात्र नारळाचं दूध हे नावापुरतं दूध. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम फारसं नाही, तेव्हा ते दुधाच्या जागी धरू नये.

आता घड्याळ. सुरुवातीला दिवसातून एकच वेळ, सकाळी दहाच्या सुमाराची, बाळ झोपेला आलेलं नाही आणि भुकेने रडतही नाही अशी. आधी छातीशी घ्या, तासाभराने दोन-तीन चमचे अन्न. आठवड्याभरात दुसरी वेळ संध्याकाळी, पण रात्र व्हायच्या आत, म्हणजे काही सोसलं नाही तर कळतं. आठव्या महिन्याच्या शेवटी दोन ते तीन वेळा अर्धी वाटी होते (इथे वाटी २५० मिलिलिटरची धरली आहे, आमटीची छोटी नव्हे) आणि दूध मागेल तेव्हा, पाच-सहा वेळा किंवा जास्तही. नवव्या महिन्यापासून क्रम फिरवा: आधी जेवण, नंतर दूध. तीन जेवणं, एखादं फळ किंवा अंड्यासारखं मधलं खाणं. वर्षाच्या पुढे तीन जेवणं पाऊण ते एक वाटी, दोन वेळा मधलं, आणि छातीवरचं दूध सकाळी, रात्री, झोपताना, दोन वर्षं किंवा त्याहीपुढे.

घाईने दुधाच्या दोन-तीन वेळा एकदम तोडू नका. छाती रिकामी होते तसं दूध बनतं. पाजणं कमी झालं की चार-आठ दिवसांत दूधही कमी होतं, मग 'दूधच नाही' म्हणून बाटली येते. बाळंतपणाची रजा कायद्याने २६ आठवड्यांची आहे, म्हणजे आई कामाला लागते आणि वरचं सुरू होतं ते एकाच सुमारास. अशा वेळी काढून ठेवलेलं दूध आजीने बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यावं. दूध बाहेर चार तास टिकतं असं सांगतात ते २५ अंशांपर्यंतच्या हवेत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात एवढा भरवसा नको, सरळ फ्रिजमध्ये ठेवा. तिथे चार दिवस चालतं, पण पावसात दिवसभर वीज गेली तर ते दूध धरू नका. गरम करताना थेट गॅसवर नाही, कोमट पाण्यात भांडं धरून.

पावडरचं दूध घ्यावंच लागलं तर डब्यावरचं प्रमाण काटेकोर पाळा, बहुतेक डब्यांत ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असतो. डबा पुरावा म्हणून पाणी वाढवणं म्हणजे बाळाला उपाशी ठेवणं. सात ते नऊ महिन्यांत दिवसाला ६०० मिलिलिटरच्या आसपास आणि वर्षाच्या जवळ ४०० पुरतात. बाटलीपेक्षा बोंडलं केव्हाही बरं, कारण त्याला कोपरे नाहीत. घासून दहा मिनिटं उकळलं की काम झालं.

विहिरीचं पाणी आधी फडक्याने गाळा, मग खळखळून उकळा, पावसाळ्यात तर नक्कीच, तेव्हा जांभ्यातून झिरपलेलं पाणी गढूळ येतं. बाळाला पाणी जेवणाबरोबर घोट-दोन घोट पुरे. शहाळ्याचं पाणी पोटभर पाजणं हा पेजेचाच दुसरा अवतार.

मासे आणि कलेजी यांतलं लोह डाळीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं. सहा महिन्यांनंतर मासा द्यायला हरकत नाही, वर्षापर्यंत थांबण्याचं कारण नाही. मुडदुशी आपल्याकडे बाळंतिणीला आणि लहान मुलांना देतात ते योग्यच आहे, मऊ आणि हलकी. पापलेटला मधला काटा सोडला तर त्रास कमी. बांगडाही चांगला, त्याच्या तेलात मेंदूला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं आहेत. पण बांगड्याची एक गोष्ट ध्यानात ठेवा: तो बर्फाशिवाय काही तास पडून राहिला की त्याच्या मांसात हिस्टामिन साठतं आणि ते शिजवून जात नाही. तोंडाभोवती लाल चट्टे, उलट्या होतात आणि घरचे समजतात बाळाला मासा सोसत नाही. कल्ले लालभडक, डोळा चमकदार आणि अंग ताठ असेल तोच घ्या. मोरी आणि तशा मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, ते नकोत. मासा फक्त हळद लावून वाफवा, काटे काढून स्वच्छ बोटांत चिमटीने चुरत प्रत्येक कण तपासा, चष्मा लावणाऱ्या आजीपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. दोन चमचे चुरा भातात कालवायचा, आठवड्यातून दोन-तीनदा.

जून-जुलैत मासेमारी बंद, पुढे श्रावण, शिवाय सोमवार-गुरुवार. सुका बांगडा खारवलेला असतो, बाळाला चालत नाही. तेव्हा पूर्ण उकडलेलं अंडं. तेही घरात चालत नसेल तर मूग, मसूर आणि आठव्या महिन्यापासून मिरची-लसणीशिवाय चांगली शिजवलेली कुळथाची पिठी, भाताबरोबर घट्ट. डाळीतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्व लागतं, म्हणून वरून लिंबाचे चार थेंब किंवा जेवणानंतर पिकल्या आंब्याच्या दोन फोडी कुस्करून. हापूसच्या दिवसांत मुलं नुसत्या रसावर राहतात. रस जेवणानंतर द्या, जेवणाऐवजी नको.

अंडं, मासा, शेंगदाणा हे पहिल्यांदा देताना सकाळी, चिमूटभर, घरात दोन माणसं असताना. अंगावर गांध्या, ओठ सुजणं किंवा लागोपाठ उलट्या झाल्या तर परत देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास घुसमटला तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. शेंगदाणा कुटून बारीक करूनच. अख्खे काजू, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, फणसाचा अख्खा गरा, सुरणाची मोठी फोड हे हातात देऊ नये. 'चोखतंय चोखू दे' म्हणून दिलेला खोबऱ्याचा तुकडा घशात अडकतो. गरा निसरडा असतो, बोटाएवढा चिरून कुस्करून द्या.

आता वर्षानंतरचं. मूल चालायला लागतं, वजन वाढण्याचा वेग मंदावतो, भूक कमी होते. नेमकं तेव्हा घरचे घाबरून दुधाचा पेला पुढे करतात. दूध सहज पोटात जातं, मूल शांत झोपतं, जेवणाला मान फिरवतं, म्हणून पुन्हा दूध. लिटरभर दूध पिणारं, गुबगुबीत पण फिकट मूल असं तयार होतं. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नाही. त्यातलं कॅल्शियम आणि केसिन जेवणातलं लोहही अडवतात, आणि लहान आतड्यांतून दुधामुळे डोळ्यांना न दिसेल इतकं रक्त झिरपू शकतं. म्हणूनच वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून नको (थोडं दही, खिरीत थोडं दूध चालतं), आणि वर्षानंतर दही धरून दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर नको. आई पाजत असेल तर याहूनही कमी पुरतं. दूध जेवणानंतर किंवा मधल्या वेळी, पेल्याने. तोंडात बाटली देऊन झोपवणं बंद करा, पुढचे वरचे दात किडतात ते यानेच.

चहात बुडवलेलं बिस्कीट किंवा बटर तर कुणीच देऊ नये. चहाचं टॅनिन लोह अडवतं आणि मैदा-साखरेने भूक मरते. दोन्ही नुकसानं एकाच घासात.

मूल अंगणातली माती, भिंतीचा चुना खात असेल तर रागावून उपयोग नाही, रक्त तपासा. सरकारी योजनेत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लोहाचं पातळ औषध आठवड्यातून दोनदा, एक मिलिलिटर देतात, आशाताईंकडे मिळतं. ते दुधात मिसळू नका. शी काळी होते, ते औषधाचंच, घाबरू नका.

शी घट्ट झाली तर बहुधा नुसता भात आणि दूध चालू असतं, भाजी आणि तूप नसतं. लाल भोपळा, पपई, भिजवलेल्या मनुकांचा गर घालून बघा. जुलाब लागले तर अन्न तोडू नका: दूध जास्त वेळा, ओआरएस घोटघोट, सहा महिन्यांवरच्या बाळाला जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. सहा तास लघवी नाही, डोळे खोल, बाळ गळून गेलं असेल तर घरी थांबू नका.

नवा पदार्थ बाळाने तोंडातून काढला तर तो आवडत नाही असं ठरवू नका. दहा-पंधरा वेळा वेगवेगळ्या दिवशी पुढे यावा लागतो. मान फिरवली की थांबा, मोबाइल दाखवून किंवा हात धरून भरवू नका.

आणि दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा, कार्डावरची रेघ स्वतः बघा. सहा ते नऊ महिन्यांत महिन्याला साधारण ३०० ग्रॅम, नऊ ते बारामध्ये दोनशे-अडीचशे ग्रॅम वाढतात. लागोपाठ दोन महिने रेघ आडवी गेली, तर टॉनिक आणण्याआधी एक दिवस बाळाच्या पोटात काय काय गेलं ते कागदावर लिहा: किती चमचे, किती घट्ट, दूध किती वेळा, चहा-बिस्कीट धरून. तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.